कार्डाचा नंबर ही किल्ली नव्हे

पासवर्ड टाकायचा, गळ्यातले ओळखपत्र रीडरला टेकवायचे आणि कामाला लागायचे. इस्पितळात किंवा कारखान्यात एकाच संगणकावर दिवसभर माणसे बदलत असतात, तिथे दर वेळी ओटीपीची वाट पाहणे परवडत नाही. काही ठिकाणी तर मोबाइल आत न्यायलाच बंदी असते. त्यात दारासाठीचे कार्ड प्रत्येकाकडे आधीपासून असते, म्हणून व्यवस्थापन तेच लॉगिनला जोडून मोकळे होते.

चूक होते ती इथेच.

दारासाठी वाटलेली बरीच कार्डे रीडरला फक्त आपला क्रमांक सांगतात. १२५ किलोहर्ट्झच्या स्वस्त कार्डांत बहुधा गुप्त असे काहीच नसते. जवळ येईल त्या रीडरला ती तोच क्रमांक देतात आणि तो कोऱ्या कार्डावर उतरवणारी यंत्रे सहज विकत मिळतात. १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डात चांगली चिप असली, तरी सॉफ्टवेअर पुष्कळदा तिचा अनुक्रमांकच वाचते. असे लॉगिन म्हणजे दुसरा पासवर्ड छातीवर लावून फिरणे.

एन्क्रिप्शन आहे, एवढ्यानेही भागत नाही. लंडनच्या ऑयस्टर कार्डात आणि नेदरलँड्सच्या प्रवासकार्डात मायफेअर क्लासिक ही चिप होती. तिची क्रिप्टो-१ पद्धत गुप्त होती, पण किल्ली अवघी ४८ बिटांची. डिसेंबर २००७ मध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी चिपचे थर काढून, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन तिची रचना उलगडल्याचे जाहीर केले. पाठोपाठ नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठातील संशोधकांनी कार्डाची नक्कल करून दाखवली. त्यांचा निबंध रोखायला चिपची उत्पादक एनएक्सपी कंपनी न्यायालयात गेली. जुलै २००८ मध्ये डच न्यायालयाने निबंधाला वाट मोकळी करून दिली : नुकसान होईल ते सदोष चिप विकल्यामुळे, निबंध छापल्यामुळे नव्हे. हा निकाल आजच्या प्रत्येक खरेदी अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. कारण तसल्या चिपांची विक्री त्यानंतरही थांबली नाही. २०२४ मध्ये शांघायच्या फुदान कंपनीच्या त्याच धाटणीच्या चिपमध्ये छुपी सामायिक किल्ली सापडली.

चांगला पर्याय उपलब्ध आहे. फिडो२ या लॉगिनच्या मानकानुसार बनलेल्या कार्डातली खासगी किल्ली चिपबाहेर पडतच नाही. प्रत्येक लॉगिनला सर्व्हर नवा यादृच्छिक आकडा पाठवतो, कार्ड त्यावर सही करते आणि ती सही त्याच संकेतस्थळापुरती चालते. बनावट पानाला तिचा उपयोग नाही. नोव्हेंबर २०१० पासून जर्मनीच्या संपर्करहित ओळखपत्राने ऑनलाइन ओळख पटवताना सहा अंकी पिनही द्यावा लागतो. आपल्याकडेही टॅप करून पिनशिवाय पैसे देण्याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ पासून पाच हजार रुपये ठेवली आहे. त्याहून मोठ्या रकमेला निव्वळ कार्ड जवळ असणे पुरत नाही. मग रुग्णांच्या नोंदींना किंवा ठेवीदारांच्या खात्यांना ते का पुरावे?

निविदेत दोन अटी स्पष्ट हव्यात : कार्डाच्या क्रमांकावर लॉगिन होता कामा नये, आणि कार्ड हरवल्याची खबर मिळताच ते त्याच दिवशी बंद करता आले पाहिजे.