फासे कोणाच्या हाती?

उज्जैनहून ओंकारेश्वरास दर्शनाला जाऊन आलेल्या आमच्या वाचकांनी तेथील एक प्रथा ऐकली असेल. रात्रीची शयनआरती झाली की शिवपार्वतींसाठी चौसर मांडतात आणि मग गाभाऱ्याचे दार लावून घेतात. वेरूळच्या लेण्यांतही हे दांपत्य सारीपाट खेळताना कोरलेले आहे. पार्वती तेथे खेळ पाहावयास बसलेली नाही. ती खेळत आहे. उलट महाभारतातील द्यूतसभेत द्रौपदी पणाला लागली, परंतु फासे तिच्या हाती एकदाही आले नाहीत. या दोन पटांपैकी आमच्या शाळेतील पट कोणत्या प्रकारचा, असा प्रश्न गेल्या वर्षी आम्हांस पडला. जे उत्तर मिळाले ते आम्हांस भूषणावह नव्हते.

फ्रीगंजातील आमच्या शाळेत शनिवारी एक खेळ रंगतो. पुण्यास शिकावयास गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने तो इकडे आणला. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. एक जण सूत्रधार होऊन कथा सांगू लागतो. बाकीचे आपापले पात्र निवडतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. किल्ल्याचा दरवाजा फोडावयाचा की पहारेकऱ्याशी गोड बोलावयाचे, हे खेळाडूने ठरवावयाचे. ते साधले की फसले, हे वीस बाजूंचा फासा ठरवितो. आमची मातृभाषा कोंकणी. लहानपणी दक्षिण कोकणातील जत्रांत रात्र रात्र जागून दशावतारी नाटके पाहिलेली. तेथेही नटाच्या हाती लिखित संहिता नसते. कथा ठाऊक असते आणि संवाद जागच्या जागी सुचतात. त्यामुळे हा खेळ आम्हांस पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला. (दशावतारातील स्त्रीपात्रेही परंपरेने पुरुषच करीत आले, ही गोष्ट त्या दिवशी आमच्या मनात आली नाही. यावयास हवी होती.)

फलकावर आम्ही ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘खेळ सर्वांस खुला आहे.’ पहिल्या शनिवारी सात मुलगे व तीन मुली आल्या. चौथ्या शनिवारी एकही मुलगी आली नाही. आम्ही शिक्षकांच्या खोलीत मोठ्या शहाणपणाने सांगून टाकले की मुलींना या खेळाची आवडच नाही. पुढे कित्येक आठवड्यांनी त्या तिघींपैकी एक ग्रंथालयात पुस्तक बदलावयास आली असता आम्ही सहज विचारले, “का गं, खेळ सोडलास?” ती म्हणाली, “मला राजकन्या केलं होतं. दोन शनिवार मी राक्षसाच्या गुहेत बसून होते. ते सोडवायला येईपर्यंत माझी पाळीच नव्हती.”

हे ऐकून आम्ही निरुत्तर झालो. कारण ते पात्र तिला सुचविणारे आम्हीच होतो.

आवड नाही म्हणावे, तर भातुकली म्हणजे दुसरे काय आहे? भोंडल्यात माहेरी जाण्यासाठी सासूची मनधरणी करणारी सून आणि तिला अडविणारी सासू या भूमिकाच आहेत. आमच्या मुली चालता येऊ लागल्यापासून भूमिका घेऊन खेळत असतात. त्यांनी त्या टेबलाकडे पाठ फिरविली, ती खेळ आवडला नाही म्हणून नव्हे, तर त्यांना तेथे खेळावयासच मिळाले नाही म्हणून.

हा दोष केवळ आमचा नव्हता, हे मागाहून वाचनात आले. त्याने दिलासा मिळाला नाही, पण समजूत वाढली. या जातीच्या खेळांचा मूळपुरुष ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्या पहिल्या नियमावलीत योद्ध्याच्या वर्गाचे नावच ‘लढणारा पुरुष’ अशा अर्थाचे होते. १९७८ च्या विस्तृत नियमपुस्तकात स्त्रीपात्राच्या बळाची कमाल मर्यादा पुरुषपात्राहून कमी ठेवण्यात आली. ज्या खेळात ड्रॅगन आगी ओकतो आणि मंत्र म्हणताच माणूस हवेत उडतो, तेथे वास्तवाची आठवण झाली ती नेमकी बाईच्या दंडाशी! १९८९ च्या आवृत्तीत ही मर्यादा काढून टाकण्यात आली आणि त्यामुळे खेळाचे काही बिघडले नाही.

आपल्याकडे या खेळाचे वय अद्याप लहान आहे. परंतु पटावरील दुसऱ्या एका खेळात मराठी मुलींनी हाच मार्ग आधी चालून पाहिलेला आहे. मुंबईच्या ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तीन कन्या बुद्धिबळात निपुण निघाल्या. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तेव्हा ती आमच्या आठवी-नववीतील मुलींएवढी होती. केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनीही स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. प्यादे सरकविण्यासाठी दंडाचे बळ लागत नाही, तरीही एवढे सारे करावे लागले.

दार उघडले म्हणजे संपले, असेही नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर उघडपणे लिहिले की प्रेक्षक तिच्या खेळाऐवजी कपडे, केस आणि उच्चार यांचीच चर्चा करतात. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, बाटुमी येथे तिने महिलांचा विश्वचषक जिंकला व ग्रँडमास्टर पदवी मिळविली. वय वर्षे एकोणीस. तिच्या विजयाचे पेढे सर्वांनी वाटले. परंतु त्या तक्रारीचे उत्तर विजय हे नव्हे. जी मुलगी विश्वविजेती होणार नाही, जिला शनिवारी दोन घटका केवळ खेळावयाचे आहे, तिच्या केसांवर व बोलण्यावर टवाळी होऊ नये म्हणून तिने आधी चषक आणून दाखवावा काय?

काही सहकारी सुचवितात, मुलींचे निराळे टेबल मांडावे. आरंभीचे काही आठवडे सराव म्हणून ते ठीक, धीर येतो. कायमचे मात्र आम्हांस पटत नाही. रोहिणीला महिलांची स्पर्धा उपलब्ध होतीच. तिला सगळा पट हवा होता.

आमच्या मते खरी किल्ली सूत्रधाराच्या खुर्चीत आहे. पात्र कोणतेही मिळो, कथा कोणत्या वाटेने जाईल हे तो ठरवितो. आणि उज्जैनच्या लेकरांना हे परक्याने शिकवावयास नको. विक्रमादित्याच्या सिंहासनाच्या कथा आठवा. भोजराजा एकेक पायरी चढू पाहतो आणि बत्तीस पुतळ्या त्याला एकेक करून अडवितात, कथा सांगतात, प्रश्न विचारतात. एवढा मोठा राजा, पण सूत्रे पुतळ्यांच्या हाती! आमच्या टेबलावर मात्र वर्षभर एकही सूत्रधार मुलगी नव्हती.

वेळेचाही विचार आम्ही केला नव्हता. खेळ सायंकाळी पाचला सुरू होऊन दिवेलागणीनंतर आटोपे. मुलांना टॉवर चौकात आणखी अर्धा तास रेंगाळण्याची मुभा, मुलींची मात्र घरी वाट पाहिली जाते. पालकहो, ती काळजी आम्ही समजतो. पण फलकावरील ‘सर्वांस’ हा शब्द त्या वेळेनेच खोडून टाकला होता.

जूनपासून खेळ दुपारी साडेबाराला, शनिवारची शाळा सुटताच, ग्रंथालयात भरतो. कोणाचे पात्र दुसऱ्याने ठरवावयाचे नाही; एकाच्या पाळीत दुसऱ्याने ‘असे कर, तसे कर’ म्हणावयाचे नाही; खेळाडूच्या रूपावर वा आवाजावर शेरा मारला तर त्याची पुढची पाळी गेली. या शेवटच्या नियमाने आतापर्यंत चार पाळ्या गेल्या आहेत, त्यांतील एक आमची.

गुहेत बसून राहिलेली ती मुलगी परत आली. तिने या वेळी पात्र निवडले बायजाबाई शिंदे यांचे. आपल्या गावातील गोपाळ मंदिर बांधविणाऱ्या आणि दौलतरावांच्या मागे १८२७ पासून १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार पाहणाऱ्या त्या राणीची माहिती तिने स्वतः शोधून काढली. पहिल्याच डावात तिने खजिन्याच्या किल्ल्या आपल्याकडे घेतल्या आणि शूर सरदारांना फौजेचा हिशेब मागितला. मुलगे गडबडून गेले. एकाने तर खरोखरच वही काढून बेरीज केली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी ती सूत्रधार आहे. कथा काय, ते ती सांगत नाही.