घोडीची पावसाळी झूल

मल्हारगंजात आमच्या घरामागील गल्लीत एक घोडी बांधलेली असते. लग्नसराईत ती जरीची झूल आणि कवड्यांच्या माळा लेवून वरातीत मिरवते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला, की तिचा सारा साज पेटीत जातो आणि ती पत्र्याच्या आडोशाला उभी राहते. कार्तिकीपर्यंत मुहूर्त नाहीत, म्हणजे मिळकतही बेताचीच. दाणा-वैरण मात्र एक दिवस चुकत नाही. तिचा धनी आमचा जुना विद्यार्थी. त्याचे पणजोबा होळकरांच्या पागेत मोतद्दार होते असे तो सांगतो. व्याकरणात तो कच्चा होता. पण घोड्यावरचा त्याचा निबंध आम्ही दुसऱ्या तुकडीलाही वाचून दाखविला होता.

गेल्या वर्षी श्रावणात झड लागली. आडोशाचा पत्रा गळत होता आणि घोडी मान खाली घालून भिजत होती. खिडकीतून ते पाहून आम्हांस भूतदयेचा उमाळा आला. आमच्या गच्चीवरील निळी प्लास्टिकची ताडपत्री आम्ही त्याच्या स्वाधीन केली. त्याने ती घोडीच्या पाठीवरून टाकून पोटाखालून सुतळीने आवळली. घोडी झाकली गेली आणि एक सत्कृत्य पदरी पडले या समाधानात आम्ही निजलो.

आठवड्याने तो दारात उभा. म्हणाला, "सर, घोडी आता भिजत नाही, तरी अंग सुटलंय तिचं. जरा येता का?" आम्ही गेलो. ताडपत्री उचलली, तो आतून कोंदट वाफ आली. पाठीवरचे केस खपल्यांसकट बुचक्यांनी हाती येत होते. खांद्याशी ताडपत्रीची कड घासून कातडे सोलवटले होते. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या एका डॉक्टरांना बोलाविले. ते म्हणाले, "वरचा पाऊस अडवलात, पण आतला घाम कोंडलात." सतत ओलसर राहिलेल्या कातडीत डर्मॅटोफायलस नावाचा जिवाणू शिरतो आणि अशा खपल्या धरतात, हे आम्हांस त्या दिवशी कळले. खोगीर चढविणे महिना-दीड महिना बंद. गणपतीच्या आणि दसऱ्याच्या मिरवणुकींचे विसार त्याला परत करावे लागले. चातुर्मासातली त्याची तेवढीच काय ती कमाई होती. तो आम्हांस एका शब्दानेही बोलला नाही, हेच अधिक लागले.

तेव्हापासून या विषयाची आम्ही यथाशक्ती माहिती घेतली. ती एकट्याजवळ ठेवण्यापेक्षा वाचकांपुढे मांडावी, म्हणून हा लेखप्रपंच.

पहिला प्रश्न असा, की घोड्याला झूल हवीच काय? पुष्कळदा नको असते. घोड्याचे केस पाणी निथळून जाईल अशा रीतीने एका दिशेस वळलेले असतात, आणि चारा पचताना त्याच्या पोटात भरपूर ऊब निर्माण होते. इंदुरास वर्षाकाठी 35 ते 40 इंच पाऊस पडतो, पण तो बहुतांशी उबदार दिवसांत. धडधाकट जनावराला सर आली आणि गेली, एवढ्याने काही होत नाही. त्याला गळके नसलेले छप्पर आणि पायाखाली कोरडी जमीन मिळाली, की बहुतेक काम भागते. झूल लागते ती वारा आणि झड एकत्र आली असता, किंवा घोडे म्हातारे, रोडावलेले अथवा आजारी असता. सारांश, आधी छप्पर, मग झूल. आम्ही उलटा क्रम धरला.

दुसरी गोष्ट कापडाची. आमच्या भगिनी लुगड्याचा पोत जसा चिमटीत धरून पाहतात, तसाच तो येथेही पाहावा. बाजारात या कापडाचा कस 'डेनियर' या परिमाणाने सांगतात. 9000 मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. एकट्या शांत घोड्याला 600 डेनियरचे कापड पुरते. कुंपणाशी अंग घासणाऱ्या किंवा सोबत्याशी दंगा करणाऱ्या घोड्याला 1200 वा अधिकाचे घ्यावे. चौकटीच्या विणीचे कापड फाटले तरी चीर पुढे धावत नाही. परंतु केवळ जाड म्हणजे उत्तम असे नव्हे. पाणी बाहेर अडावे आणि आतली वाफ बाहेर जावी, हे दोन्ही गुण एका कापडात हवेत. याची घरगुती परीक्षा सोपी आहे. पेल्यात कढत पाणी घेऊन त्यावर कापडाचा तुकडा ताणून बांधावा आणि वर थंड आरसा धरावा. आरसा धुकटला, तर कापड श्वास घेते. मग त्याच तुकड्याचा खोलगा करून त्यात तांब्याभर पाणी रात्रभर ठेवावे. सकाळी खालची बाजू कोरडी असेल, तर ते घ्यावे. आमची ताडपत्री दुसऱ्या परीक्षेत पहिली आली असती आणि पहिलीत सपशेल नापास झाली असती. पाठीच्या कण्यावर शिवण नसावी. जेथे असेल तेथे ती आतून पट्टी लावून बुजविलेली असावी, कारण पाणी प्रथम सुईच्या भोकांतूनच वाट काढते.

तिसरी गोष्ट मापाची. आणि आमच्या मते हीच सर्वांत मोठी. घोड्यास सपाट जमिनीवर सरळ उभे करून छातीच्या मध्यापासून कुशीवरून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत फीत धरावी. तेच झुलीचे माप. मारवाडी किंवा काठेवाडी जातीचे घोडे छातीला अरुंद असते, म्हणून परदेशी घोड्याच्या मापाची तयार झूल लांबीला बसूनही पुढे गळ्याशी सैल पडते आणि चालता चालता मागे घसरते. मान संपून पाठ जेथे सुरू होते त्या उंचवट्यावर सगळा भार येतो आणि तेथेच जखम होते. पुढची बंदी लावल्यावर गळ्याशी हात सहज आत जावा. खांद्याशी चुणी किंवा कळी घातलेली असावी, म्हणजे पाऊल पुढे टाकताना कापड ताणत नाही. पोटाखालचे पट्टे एकमेकांस छेदून जावेत आणि पोट व पट्टा यांत चार बोटे अंतर राहावे. त्याहून सैल ठेवले, तर घोडे उठता-बसता पाय अडकवून घेते. आवळून बांधले, तर त्याचा सुतळीचा फास होतो.

चौथी गोष्ट निगेची. झूल कितीही चांगली असो, ती रोज एकदा काढलीच पाहिजे. खरारा करावा, कातडीवरून उघडा तळहात फिरवावा, आणि ऊन पडले की झूल दांडीवर टाकावी. ओल्या अंगावर ती चढवू नये. चिखल वाळू देऊन ब्रशाने झटकावा. कपड्यांच्या साबणाने धुतल्यास पाणी अडविणारा लेप निघून जातो.

हे सारे शिकत असता आम्हांस घोंगडीची आठवण होत होती. ज्या मल्हाररावांचे नाव आमची पेठ मिरवते, ते धनगराचे पुत्र. बालपणी खानदेशात तळोद्यास मामांकडे मेंढरे राखीत. मेंढपाळाच्या खांद्यावरची ती घोंगडी चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या लोकरीची. ती पावसाचे थेंब बराच वेळ अडविते, ओली झाली तरी ऊब सोडीत नाही, आणि अंगाचा दमटपणा बाहेर जाऊ देते. आजचे कापड कारखान्यातून येते, पण त्याच्याकडून अपेक्षा तीच. ही जुनी जाण आमच्या घरी शब्दांपुरती उरली होती. 'भिजत घोंगडे' या वाक्प्रचाराचा अर्थ आम्ही मुलांना तीस वर्षे शिकविला. घोंगडे भिजल्यावर त्याच्या आत काय होते, हे मात्र कधी विचारले नाही.

घोडीचे केस कार्तिकीच्या आत पुन्हा आले. खांद्यावर, जेथे ताडपत्री घासली होती, तेथे ते पांढरे आले आणि पांढरेच राहिले. वरातीच्या झुलीखाली ते दिसत नाहीत.

वरातीमागून घोडे आणण्यात अर्थ नाही, म्हणून यंदा वैशाखातच माप घेतले. आधी पत्रा बदलला. मग मोटारींची आच्छादने शिवणाऱ्या एका कारागिराकडून झूल बेतून घेतली. कापड आमचे, शिवणावळ त्याने हट्टाने स्वतः दिली. आषाढातल्या पहिल्या झडीच्या सकाळी आम्ही छत्री घेऊन गल्लीत गेलो. तो आमच्या आधीच तेथे होता. त्याने झुलीखाली हात घालून पाठीवरून पुठ्ठ्यापर्यंत फिरविला, बाहेर काढून आमच्यापुढे धरला आणि म्हणाला, "बघा सर, कोरडा आहे."

आम्हीही आपला हात आत घातला.