तीन इंची स्पीकरचा कैवार

“गाणं नीट ऐकायचं असेल तर लाखभर रुपये बाजूला काढ. तेवढे नसतील तर मोबाइलवर ऐकतोस तेच बरं आहे.” हा सल्ला मला पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी पंचविशीत होतो आणि देणारा गृहस्थ गाण्यातला खरा दर्दी होता. पुढे तो इतक्या जणांच्या तोंडून ऐकला की त्याला उत्तर देणं आता मला माझं काम वाटतं. हा सल्ला नुसता चुकीचा नाही, तो नुकसान करतो. ज्याच्याकडे दोन हजार रुपये, सुटीचा एक दिवस आणि भरपूर कुतूहल आहे, त्याला तो दारातूनच परत पाठवतो.

माझं म्हणणं असं. तळहातावर मावणारा ३ इंची फुल-रेंज स्पीकर घ्यावा. यात वूफर-ट्वीटर अशी वाटणी नसते. एकच कोन खर्जापासून तारापर्यंतचं सगळं काम करतो. त्याला साजेशी पेटी करावी, छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडावा. एवढ्यावर घरात मनापासून रमावं असं गाणं ऐकता येतं. शिवाय आवाज कसा घडतो हे स्वतःच्या हातांनी कळतं, आणि हे दुसरं मला पहिल्यापेक्षाही मोलाचं वाटतं.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी. आवाज काढायचा म्हणजे हवा ढकलायची, आणि सूर जितका खालचा तितकी जास्त ढकलायची. वारंवारता निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी कोनाला चौपट हलावं लागतं. ३ इंची स्पीकरच्या कोनाचं क्षेत्रफळ जेमतेम ३०-३५ चौरस सेंटिमीटर. १ मीटरवर ८६ डेसिबल हवे असतील तर १०० हर्ट्झला हा कोन मधल्या जागेपासून साधारण सव्वादोन मिलिमीटर पुढे आणि तेवढाच मागे जायला हवा. ५० हर्ट्झला हाच आकडा ९ मिलिमीटरवर जातो, आणि ते या स्पीकरच्या कुवतीबाहेरचं आहे. हा हिशेब खरा आहे. कोणतीही पेटी, कोणताही महाग अ‍ॅम्प्लिफायर तो बदलू शकत नाही. ज्याला घरात ढोल-ताशाचं पथक किंवा सिनेमातला स्फोट हवा आहे, त्याने ३ इंचाच्या वाटेला जाऊ नये, हे मीही सांगेन.

पण ‘५० हर्ट्झ नाहीत’ यावरून ‘गाणं नाही’ हे कसं निघालं? साध्या टेलिफोनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर १००-१५० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो तारेतून पलीकडे पोचतच नाही. तरी वडिलांचा आवाज फोनवरही वडिलांचाच वाटतो, घोगरा तर घोगराच वाटतो. वरचे स्वरांश मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे रांगेत आले की गहाळ झालेला खालचा सूर आपला मेंदू ओळखून घेतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये तबला-मृदंगाबद्दल जे दाखवून दिलं त्याची इथे आठवण होते. साध्या ताणलेल्या कातड्याचे स्वरांश एकमेकांशी जुळत नाहीत. शाईच्या भारामुळे ते तारेच्या वाद्यासारखे पूर्णांक पटीत येतात. म्हणून तबला सुरात लागतो, आणि म्हणूनच लहान स्पीकरवरही त्याचा सूर कानाला सापडतो. तानपुऱ्याचा तर सगळा श्रीमंतीचा भाग वरच्या स्वरांशांतच असतो.

याला आपल्याकडचा मोठा दाखला आहे. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीने ‘गीतरामायण’ प्रसारित केलं. त्यातली ५६ गीतं महाराष्ट्राने कशावर ऐकली? बहुतेक घरांत एकच स्पीकर असलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर, आणि मध्यम लहरींवरून ५ किलोहर्ट्झच्या वरचं त्यात फारसं काही येत नव्हतं. जुनं ते सोनं असं मला यातून सुचवायचं नाही. आजचा बरा ३ इंची स्पीकर १५ किलोहर्ट्झच्या पलीकडे जातो, तो त्या रेडिओहून कितीतरी स्वच्छ आहे. मुद्दा एवढाच की गाण्याचा प्राण मधल्या पट्ट्यात असतो. जिथे गाण्याचा प्राण आहे, नेमका तोच पट्टा या छोट्या स्पीकरला उत्तम जमतो.

मग स्वस्त स्पीकर वाईट का वाजतात? दोष खरंच असतो, पण तो बहुतेक वेळा स्पीकरच्या किमतीत नसतो. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून मी पहिली जोडी आणली ती साडेतीनशे रुपयांना एक अशी. घरी येऊन दोन तारा जोडल्या आणि स्पीकर हातात धरूनच एक ठुमरी लावली. आवाज पातळ, नुसता किरकिरा. खाली काहीच नाही. मग फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेतला, मधोमध स्पीकरएवढं भोक पाडलं आणि स्पीकर मागून त्यावर दाबून धरला. डग्गा एकदम खोलीत आला. बाईंच्या आवाजाला छाती आली. स्पीकर तोच, गाणं तेच, खर्च शून्य. कोन पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या सुरांना कडेने वळसा घालून एकमेकांना विझवायला पुरेसा वेळ मिळतो. पुठ्ठ्याने ती भेट लांबवली, बाकी काही केलं नाही. ज्याने हा प्रयोग एकदा केला, तो यापुढे स्पीकरला पेटीवेगळा कधी ऐकू शकत नाही.

पेटी केली की पुढची अडचण येते, आणि माझ्या मते स्वस्त स्पीकरच्या निम्म्या बदनामीचं मूळ तिच्यातच आहे. पेटीच्या दर्शनी फळीपेक्षा ज्यांची लहर लांब आहे ते सूर पेटीला वळसा घालून मागेही पसरतात. ज्यांची लहर आखूड आहे ते फळीवरून सगळे पुढे फेकले जातात. त्यामुळे ऐकणाऱ्याला वरचे सूर खालच्यांपेक्षा जास्त मोठे ऐकू येतात. मोकळ्या जागेत हा फरक ६ डेसिबलपर्यंत जातो. फरक कुठे पडतो त्याचा ढोबळ हिशेब तोंडपाठ करण्यासारखा आहे: ११५ ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागायचं. २० सेंटिमीटर रुंद पेटीला उत्तर येतं ५७५ हर्ट्झ, म्हणजे थेट गायकाच्या गळ्यात. आवाज पोकळ होतो, अंगावर येतो, आणि ऐकणारा म्हणतो, “स्वस्तातला माल, दुसरं काय होणार?” माल बिचारा सांगितलेलं काम करत असतो. माझ्या ८ ओहमच्या जोडीला मी १ मिलिहेन्रीची कॉइल आणि ४ ओहमचा रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडून तारेत टाकला. ज्या गाण्यांना मी ‘कर्कश रेकॉर्डिंग’ म्हणून बाजूला ठेवलं होतं, ती गाणी त्या संध्याकाळी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली. ज्याला तेवढीही खटपट नको, त्याने पेटी भिंतीला लावून ठेवावी. भिंत मागे गेलेले खालचे सूर परत पुढे पाठवते.

वॅटच्या आकड्यांवर फार वेळ घालवायला नको, पण त्यांनीही लोकांना पुष्कळ फसवलं आहे. खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांत छापलेले आकडे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आता दहा बाय बाराच्या खोलीचा हिशेब करू. स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबल देणारा आहे आणि आपण १ मीटरवर बसलो आहोत. घरात निवांत ऐकायला सरासरी ७२ डेसिबल पुष्कळ होतात. म्हणजे लागतात १४ डेसिबल कमी, अर्थात १ वॅटचा पंचविसावा भाग. समेवरचा जोरदार ठोका सरासरीच्या १५ डेसिबल वर गेला तरी सव्वा वॅट. १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर चालणारा तळहाताएवढा क्लास-डी बोर्ड याच्या कितीतरी पट देतो. नवशिक्याने तेवढ्यावरच राहावं. जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातले शेकडो व्होल्ट जीव घेऊ शकतात.

“पण महाग स्पीकर चांगला वाजतो हे आम्ही आमच्या कानांनी ऐकलं आहे.” हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक, म्हणून त्याला गंभीर उत्तर द्यायला हवं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हर्मन कंपनीत एक चाचणी केली. कंपनीतल्याच ४० कर्मचाऱ्यांना काही स्पीकर आधी पडद्याआडून आणि मग डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. पडद्याआड असताना एका छोट्या, स्वस्त संचाने चांगले गुण मिळवले होते. तो दिसू लागताच त्याचे गुण घसरले. मोठे, भारदस्त दिसणारे संच वर चढले. महाग स्पीकर वाईट असतात असं यातून ठरत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. उत्तम अभियांत्रिकीला पैसा लागतो. पण शोरूममध्ये ऐकताना कानाच्या आधी डोळ्यांनी निकाल दिलेला असतो, हे मान्य केल्याशिवाय ‘आमच्या कानांनी’ हे शब्द वापरता येत नाहीत.

तयार ब्लूटूथ स्पीकर का नको, असंही विचारलं जातं. नको असं नाही. सहलीला तो छान आहे. पण त्याचा दोन्ही बाजूंचा आवाज बहुधा एकाच नळकांड्यातून येतो. दोन पेट्या चार फुटांवर ठेवून मध्ये बसलं की गायक मधोमध येऊन बसतो आणि साथीदार त्याच्या दोन बाजूंना सरकतात. तो अनुभव नळकांड्यात नाही. बॅटरी थकली की बहुतेक वेळा तो कचऱ्यात जातो. माझ्या पेटीचा कोन फाटला तर मी चार स्क्रू काढून नवा बसवतो.

आता ज्यांनी माझी बाजू घ्यायची त्यांच्याशीही मतभेद आहे. फुल-रेंजच्या भक्तांमध्ये असं सांगणारे आहेत की क्रॉसओव्हर (वूफर-ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारी जोडणी) म्हणजे संगीताची हत्या आणि एकच कोन हेच सत्य. हे मला मान्य नाही. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी मोठ्या कोनाच्या मधोमध छोटा कागदी कोन चिकटवला. पुढे लोथर कंपनीच्या स्पीकरांमुळे ती रचना प्रसिद्ध झाली. खालच्या सुरांना दोन्ही कोन मिळून हलतात, वरच्या सुरांना मोठा मागे राहतो आणि छोटाच बोलतो. ही वाटणीच झाली, फक्त कॉइल-कपॅसिटरऐवजी गोंद आणि कागदाने केलेली. उलट बीबीसीच्या एलएस३/५ए या १९७० च्या दशकातल्या छोट्या मॉनिटरमध्ये ३ किलोहर्ट्झच्या आसपास, कानाच्या अगदी नाजूक जागी, क्रॉसओव्हर आहे. आणि माणसाच्या आवाजासाठी लोक आजही तो शोधत फिरतात. मोठा फुल-रेंज अधिक शुद्ध, हेही खरं नाही. ८ इंची कोन २ किलोहर्ट्झच्या वर आवाज टॉर्चच्या झोतासारखा एका दिशेला फेकू लागतो. ३ इंचीला तीच अडचण साडेपाच किलोहर्ट्झच्या आसपास येते, म्हणून त्याच्यासमोर दोघं-तिघं बसू शकतात. माझ्या घरी आता १५० हर्ट्झच्या खालचं काम एक ८ इंची वूफर करतो. त्यामुळे छोट्या कोनावरचा भार उतरला आणि तो अधिक मोकळा गाऊ लागला.

माझ्या दृष्टीने या छंदाचं खरं वैभव मोजणीत आहे. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर आणि पेटी यांचं नातं गणितात बसवलं. तोवर पेटीचं माप हा बराचसा अंदाजाचा आणि अनुभवाचा मामला होता. आज ती मोजणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते. मल्टिमीटर, एक रेझिस्टर, मोबाइलमधून सोडलेला एकेक सूर. एका विशिष्ट वारंवारतेला व्होल्टेज एकदम वर चढतं. तो स्पीकरचा स्वतःचा सूर. मग कोनावर मोजून १ ग्रॅम क्लेची गोळी चिकटवायची आणि तो सूर किती खाली उतरला ते पाहायचं. त्यावरून कोनाचं वजन निघतं. आठवीतल्या भाचीने हे केलं तेव्हा तिने आकडेमोड दोनदा तपासली, कारण तराजूवर न ठेवता वजन निघालं हे तिला पटत नव्हतं. नंतर तिने विचारलं, “मामा, मग पेटीत कापूस भरला तर हा आकडा बदलेल?” आम्ही जुन्या उशीतला कापूस पिंजून सैल भरला. बदलला. पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागू लागली आणि आतला घुमारा शमला. लाखभर रुपये मोजून आणलेल्या बंद पेटीने हा प्रश्न तिला कधी पडू दिला असता?

ही जोडी अजून पुरती जमलेली नाही. मोजणीच्या आलेखात ९ किलोहर्ट्झच्या सुमारास एक उंचवटा दिसतो आणि गाताना ‘स’ आणि ‘श’ तिथे टोचतात. त्याला आणखी एक कॉइल लावावी असं भाचीचं म्हणणं आहे. मला आधी दोन्ही पेट्या कानाच्या रेषेपासून पंधरा अंश वळवून बघायच्या आहेत. येत्या रविवारी दोन्ही करून पाहू. कोनमापक ती घेऊन येणार आहे.