आरएक्सचा आवाज बदलू नका राव!

शनिवार आला की मी दापोड्याच्या गोदामांमागे, मित्राच्या शेडमध्ये. हातात कीबोर्डऐवजी पाना. समोर काकांची यामाहा आरएक्स १००: टू-स्ट्रोक, ९८ सीसी. भारतात १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघाली.

मित्र म्हणतो, "सायलेन्सर बदल, मग बघ कशी वाजते!" नाही पटत. काका गेले, पण गाडी सुरू झाली की आजी अजून दाराशी येते. तो आवाज बदलू?

२०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही मूळ रचनेत फेरफार नको म्हटलं. २०२१ ची व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना. म्हणजे पहिल्या आरएक्सलाही २०३५ उजाडणार. तोवर सगळ्यांनी मॉडिफाय केल्या, तर मूळ गाडी उरणार कुठे? जुना कोड चालतोय ना? मग फक्त बग काढा!

असो. कार्ब्युरेटर उघडून ठेवलाय, पळतो.