संग्रहालयात पडदा हवा, पण वस्तूच्या आड नको

डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहलींचे दिवस. किल्ला, देवस्थान, समुद्रकिनारा यांच्या जोडीला एखादे वस्तुसंग्रहालयही सहलीच्या यादीत असते. तिथे बहुतेक वेळा मुलांची रांग एका दारातून आत जाते आणि ‘हात लावू नका, पुढे सरका’ असे ऐकत दुसऱ्या दारातून बाहेर पडते. मुलांना गोडी लागावी म्हणून आता टचस्क्रीन, क्यूआर कोड आणि डोळ्यांवर चढवायचे व्हीआर संच सुचवले जातात. या साधनांचा उपयोग आहे. मात्र ती कुठे आणि केव्हा वापरायची, हे मुलांचे लक्ष आणि स्मरण कसे चालते यावरून ठरायला हवे.

अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात फिरवले. काही वस्तू नुसत्या पाहायच्या होत्या, काहींचे फोटो काढायचे होते. दुसऱ्या दिवशी त्यांची स्मरणशक्ती तपासली, तेव्हा ज्यांचे पूर्ण फोटो काढले होते, त्या वस्तू आणि त्यांचे बारकावे कमी आठवले. कॅमेऱ्याने टिपले म्हटल्यावर मेंदू निर्धास्त होत असावा. पण ज्यांनी झूम करून वस्तूचा एखादाच भाग टिपला, त्यांच्या स्मरणात अशी घट दिसली नाही. कॅमेरा दोन्ही वेळा तोच होता; दुसऱ्या वेळी मात्र त्याने नीट पाहायला भाग पाडले. हा प्रयोग छोटा आहे आणि शालेय वयाच्या मुलांवर झालेला नाही. तरीही संग्रहालयातले प्रत्येक साधन निवडताना त्यातून मिळणारा प्रश्न विचारता येतो : याने मूल वस्तूकडे अधिक पाहील की कमी?

मोहेंजोदडोची ‘नर्तकी’ पाठ्यपुस्तकामुळे मुलांच्या ओळखीची असते. चित्र पाहून ती चांगली मोठी असावी असे वाटते. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातली ही कांस्यमूर्ती प्रत्यक्षात १०.५ सेंटिमीटरची, म्हणजे जेमतेम अर्धी वीत आहे. तो आकार समोर उभे राहिल्यावरच मनावर ठसतो. पण डाव्या हातातल्या दंडापर्यंतच्या बांगड्या मोजायच्या किंवा मूर्ती मागून पाहायची, तर मोठी करून फिरवता येणारी त्रिमितीय प्रतिमाच बरी. काचेच्या कपाटापुढे गर्दी करून उभ्या असलेल्या पन्नास मुलांना ते साधणार नाही.

डोळ्यांना जे दिसूच शकत नाही, तिथे तंत्रज्ञानाला पर्याय नाही. २०१२ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियममधली एक इजिप्शियन ममी आली होती. नेस्पेरेनब नावाच्या पुजाऱ्याचा हा देह. कापडाची एकही पट्टी न उलगडता, सीटी स्कॅनच्या साहाय्याने त्याचे अंतरंग त्रिमितीय चित्रफितीतून दाखवले गेले. डोक्याला चिकटून राहिलेले मातीचे भांडेसुद्धा दिसले. दवाखान्यातले यंत्र इतिहासाच्या कामी कसे येते, हे सांगायला याहून चांगला धडा कुठला?

मग सारे संग्रहालयच मोबाइलवर दाखवले तर? खर्च वाचेल, गावोगावी पोहोचेल, असा युक्तिवाद होतो. त्याबाबत सावध राहायला हवे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडले. सहलीसाठी शाळांचे अर्ज इतके आले, की सोडत काढावी लागली. त्यामुळे संशोधकांना भेट दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांची रास्त तुलना करता आली. १२३ शाळांतील सुमारे ११ हजार मुलांच्या या अभ्यासात, भेट दिलेल्या मुलांची चित्राचा चिकित्सक विचार करण्याची क्षमता वाढलेली दिसली. सर्वाधिक लाभ ग्रामीण आणि गरीब घरांतल्या मुलांना झाला. आपल्याकडे ‘आभासी सहली’वर भागवायची वेळ आली, तर ती नेमकी याच मुलांवर येईल. शहरातली मुले खरी वस्तू पाहणार आणि वाडीवस्तीवरची तिचे चित्र, ही वाटणी मान्य होऊ नये.

साधने आपल्यापाशी आहेत. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही प्रणाली विकसित केली आणि तिच्या आधारे राष्ट्रीय संग्रहालयांतील वस्तूंचे पोर्टल उभे राहिले. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत. मुंबईच्या याच संग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या संग्रहालयाची बस सुरू केली. या तिन्हींची सांगड घालता येईल. सहलीआधी वर्गात पडद्यावर चार-पाच वस्तू दाखवाव्यात आणि प्रत्येकीविषयी मुलांना एकेक प्रश्न द्यावा. दालनात गेल्यावर मोबाइल दप्तरात, हातात कागद-पेन्सिल. आधी दोन मिनिटे नुसते पाहायचे, चित्र काढायचे, मगच दालनातल्या पडद्याकडे वळायचे. परतल्यावर वर्गात पुन्हा तीच वस्तू मोठी करून पाहावी आणि काय सुटले ते शोधावे.

संग्रहालयांना निधी मिळतो, तेव्हा टचस्क्रीनची खरेदी झटपट होते. मुलांशी बोलणारा प्रशिक्षित मार्गदर्शक आणि तालुक्याच्या शाळेपर्यंत जाणारी बस यांच्यासाठी मात्र पैसे उरत नाहीत. खर्चाचा हा क्रम उलटा व्हायला हवा.