नको असलेली दारे बंदच बरी!



शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये मी सर्व्हर सांभाळतो. शेजारीच बंदर असल्यामुळे २७ जून २०१७ हा दिवस नेहमी आठवतो. त्या दिवशी 'नॉटपेट्या' व्हायरसने मर्स्क कंपनीचे संगणक बंद पाडले आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले.

हा व्हायरस ज्या वाटांनी पसरला त्यातली एक म्हणजे एसएमबी-१, विंडोजची फाईल शेअरिंगची जुनी पद्धत. बहुतेकांना तिची गरज उरली नव्हती. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्येच ती बंद करायला सांगितले होते. तरी दार उघडेच राहिले.

लिनक्सवाल्यांनी हसू नये! आपल्या कर्नलसोबतही क्रॅमएफएस, जेएफएफएस-२, एचएफएस अशा जुन्या किंवा क्वचित लागणाऱ्या फाईल सिस्टीम येतात. तशी डिस्क माउंट करायला गेले की मोड्यूल आपोआप लोड होते, आणि त्यातली चूकही सोबत येते. म्हणूनच सीआयएसच्या सूचनांमध्ये ही मोड्यूल्स बंद करायला सांगितले आहे. मॉडप्रोबच्या फाईलमध्ये प्रत्येकासाठी एक-दोन ओळी पुरतात.

शंभर सर्व्हरवर हे हाताने होत नाही. त्यासाठी अ‍ॅन्सिबल किंवा पपेट. नियम एकदा लिहा, सगळीकडे लागू होतो. पण खरी गोम इथेच आहे, कारण चूकही सगळीकडे लागू होते! यादी डोळे झाकून लावू नका. व्हीफॅट बंद केले तर यूईएफआय मशीनचे बूट पार्टिशन माउंट होणार नाही. स्क्वॅशएफएस बंद केले तर उबुंटूवरचे स्नॅप अडतील. ओव्हरलेएफएसमध्ये २०२३ साली गंभीर चूक सापडली, पण डॉकर सहसा त्यावरच चालतो. तिथे पॅच हाच उपाय.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. तेव्हा आधी काय वापरात आहे ते तपासा, एका सर्व्हरवर लावा, तो रिबूट करून बघा, मग दहांवर, मग सगळ्यांवर.

घरीही हेच. राउटरवरचे यूएसबी शेअरिंग वापरत नसाल तर आजच बंद करा. गावी जाताना आपण मागचे दार दोनदा तपासतोच ना?