चार वाजता चहा नाही

माझी नणंद लालबागच्या चाळीत राहते. गेल्या वर्षी तिला पक्षाघात झाला. मेंदूचा रक्तपुरवठा अडला आणि डावा हात लुळा पडला. परळचं केईएम जवळच, हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही फार लांब नाही. पण रोज दोन जिने उतरवून टॅक्सीत घालणार कोण? मैत्रिणींनो, तुमच्या गावाहून तर जिल्ह्याचं ठिकाणच दोन तासांवर!

शेवटी भाच्याने टीव्हीला जुना व्हिडिओ गेम जोडून दिला. हातातला रिमोट फिरवला की पडद्यावरचा चेंडू घरंगळतो. वन्सं साठीच्या. आधी लाजल्या, आठवड्याने शेजारणीशी पैज लावू लागल्या.

मला हा पोरखेळच वाटला होता. मग वाचनात आलं, की निन्टेन्डोच्या ‘वी’ या खेळाची चार देशांतल्या १४१ पक्षाघातग्रस्तांवर चाचणी झाली होती. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त ती छापून आली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला निम्मे हा खेळ खेळले, निम्मे पत्ते वगैरे. हात दोन्हीकडे सुधारला आणि फरक काही दिसला नाही! म्हणजे यंत्रावाचून अडत नाही. अर्थात तिथे देखरेख होती. घरी करायचं तर फिजिओथेरपिस्टला विचारून, भक्कम खुर्चीत बसून.

खरी अडचण वेगळीच होती. ‘घरकाम हाच व्यायाम’ असं घरातले सगळे म्हणायचे. वन्सं कामं करायच्याही, पण सगळी उजव्या हाताने. दुबळा हात असा बाजूला पडला, की मेंदूला त्याला वापरायची सवयच राहत नाही. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घड्याळ लावून व्यायाम करून घेणाऱ्या याच वन्सं. स्वतःच्या हाताला मात्र ‘बघू उद्या’. खेळ आला आणि दुपारचा चार ते साडेचारचा वेळ त्यांचा झाला. त्या वेळात चहा मागायचा नाही, हे यजमानांनाही कळलं. (दोन दिवस फुरंगटले होते, ते सोडा.)

गेल्या महिन्यात तो गेम बंद पडला. मला वाटलं, संपलं आता. परवा गेले तर शेजारीण समोर बसलेली, मध्ये पत्त्यांचा कॅट. पान डाव्या हातानेच उचलायचं, हा नियम वन्संनीच केलेला. एक पान तीनदा निसटलं. शेजारीण उचलून द्यायला वाकली तशा म्हणाल्या, “राहू दे गं, मी उचलते.”

आत यजमान चहा टाकत होते.